नाव तोंडावर आहे, पण...

मंगल कार्यालयात हा प्रसंग हमखास घडतो. अक्षता पडलेल्या असतात, पहिल्या पंगतीची गडबड सुरू असते आणि कोणीतरी समोर येऊन वाकून नमस्कार करते. "ओळखलंत का मला?" चेहरा तर चांगलाच ओळखीचा असतो. याच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते, बहीण नाशिकला दिली, हा स्वतः एकदा सायकलवरून पडून हात मोडून आपल्याच ओसरीवर येऊन बसला होता, हे सगळे लख्ख आठवते. आठवत नाही ते नाव. मग "तुला न ओळखायला काय झालं?" असे म्हणून आपण वेळ मारून नेतो, पाठीवर थाप देतो आणि तो पाठमोरा होताच बायकोला हळूच विचारतो, "अगं, हा कोण?" तिलाही आठवत नसेल, तर त्या दिवशीचे श्रीखंड काही गोड लागत नाही.

चष्मा विसरला, किल्ली विसरली, तर माणसे हसतात आणि सोडून देतात. नाव विसरले तर मात्र ते मनाला लावून घेतात. "मोठी माणसं तुम्ही, आता आम्हाला कशाला ओळखाल?" हे वाक्य ऐकून घेण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

माझी थोरली बहीण, आमची ताई, ७१ वर्षांची आहे. ३४ वर्षे तिने एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले. तिची ख्याती अशी, की वीस वर्षांनी रस्त्यात भेटलेल्या विद्यार्थ्याला ती नावाने हाक मारायची आणि वर "तुझ्या बाकावर तो कुलकर्णी बसायचा, तो कुठे असतो रे हल्ली?" असेही विचारायची. गेली दोन वर्षे ही नावे तिला दगा देऊ लागली आहेत. डॉक्टरांनी रीतसर तपासले. स्मृतिभ्रंशाचे लक्षण नाही, वयाचा परिणाम आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही सारे निर्धास्त झालो. ताई झाली नाही. तिने लग्नामुंजींना जाणे बंद केले. कारण विचारले तर "पाय दुखतात" म्हणते. पाय दुखत नाहीत हे मला ठाऊक आहे, कारण रोज सकाळी ती टेकडी चढून येते.

गेल्या महिन्यात तिच्या मुलाने परदेशातून तिला एक जाहिरात पाठवली. कपाळाभोवती बांधायचा एक पट्टा. त्यातून अगदी सौम्य वीज मेंदूला मिळते, रोज वीस मिनिटे तो लावून बसायचे आणि स्मरणशक्ती तल्लख होते, असा एकूण दावा. ताईने मला फोन केला. "तू वर्तमानपत्रात लिहितोस, तुला ठाऊक असेल. घेऊ का हा पट्टा?" मला फोनवर धड उत्तर देता आले नाही. तसाच प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जात असेल, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वीज आणि मेंदू हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातला तो प्रसंग येतो. हातपाय बांधलेला नायक, किंचाळणे, खटका ओढणारा दुष्ट डॉक्टर. त्या उपचाराची सुरुवात १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी केली. आज तो भूल देऊन केला जातो आणि तीव्र नैराश्यात खरोखर उपयोगी पडतो. चित्रपटवाल्यांनी त्याची उगाच बदनामी केली आहे. पण तो विषयच वेगळा. तिथे सुमारे ८०० मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणतात. इथे प्रवाह असतो १ ते २ मिलिअँपिअरचा. घरातल्या यंत्रांवर मिणमिणणाऱ्या एलईडीच्या चिमुकल्या दिव्यालासुद्धा साधारण २० मिलिअँपिअर लागतात. साहित्य म्हणावे तर ताईच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल इतके साधे. नऊ व्होल्टची बॅटरी, प्रवाह कमीजास्त करणारी जोडणी, दोन इलेक्ट्रोड आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. एक स्पंज डोक्यावर मेंदूच्या हव्या त्या भागावर, दुसरा कपाळावर किंवा खांद्यावर. प्रवाह सुरू झाला की त्वचेला थोडे चुणचुणते, खाज येते. बस्स.

कल्पनाही नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने डोकेदुखीवर उपाय लिहून ठेवला आहे, तो म्हणजे विजेचा धक्का देणारा जिवंत मासा डोक्यावर ठेवणे! (माशाचे पुढे काय करायचे, याबद्दल मला कुतूहल आहे.) बेडकाच्या पायावर प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने व्होल्टाची विद्युतघट-माळ १८०० साली हाती येताच, पुढच्या दोन-चार वर्षांत बोलोन्यातल्या एका खिन्न शेतकऱ्याच्या डोक्याला ती लावली आणि तो सुधारल्याचे जाहीर केले. त्यानंतर शतक-दीड शतक हे शास्त्र कधी वैद्यांच्या, तर कधी भोंदूंच्या हाती फिरत राहिले. आजच्या संशोधनाची खरी सुरुवात २००० सालची. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी हाताच्या हालचालीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागावर काही मिनिटे असा क्षीण प्रवाह दिला. त्या भागाची उत्तेजित होण्याची तयारी ४० टक्क्यांपर्यंत बदलली आणि प्रवाह बंद केल्यावरही हा बदल काही मिनिटे टिकला.

इथे "तयारी" हा शब्द महत्त्वाचा आहे. एवढ्याशा विजेने मेंदूतली पेशी आपण होऊन पेटत नाही. दाराची कडी थोडी सैल करून ठेवावी, तसा हा प्रकार. दार ढकलणारा बाहेरूनच यावा लागतो. पण तो आला तर दार जरा लवकर उघडते. एक ध्रुव कडी सैल करतो, दुसरा घट्ट करतो, असे ढोबळमानाने म्हणतात. म्हणूनच डोक्याला नुसता पट्टा बांधून दूरदर्शनसमोर बसण्यात फारसा अर्थ नाही. त्या वेळी मेंदू ते काम करत असला पाहिजे.

आता नावांकडे वळू. माणसांची नावेच का विसरतात? भाजीचे, भांड्याचे, गावाचे नाव तितके विसरत नाही. याचे उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग १९८७ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी केला. अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांनी काहींबद्दल आडनाव सांगितले, काहींबद्दल व्यवसाय. युक्ती अशी की शब्द दोन्हीकडे तेच. इंग्रजीत बेकर हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्यालाही बेकरच म्हणतात. मराठीत हा प्रयोग किती सहज करता येईल पाहा. एका चेहऱ्याखाली "यांचे आडनाव सुतार" आणि दुसऱ्याखाली "हे सुतारकाम करतात". शब्द एकच, पण लोकांना व्यवसाय नीट आठवला, आडनाव आठवले नाही. सुतारकाम म्हटले की करवत, रंधा, लाकडाचा भुसा, घरी कपाट करायला आलेले ते काका, असे सगळे मनात गोळा होते. त्या चेहऱ्याला पकडायला दहा दोरे मिळतात. सुतार हे आडनाव मात्र एकटे असते. त्या दोराने बांधलेले सामान सुटले की सुटले. ताईला विद्यार्थ्याच्या बापाचे दुकान आठवते आणि नाव आठवत नाही, ते यामुळे. तिचे त्या मुलावरचे प्रेम आटले, असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

माणसांविषयीची माहिती मेंदूत साठवायला स्वतःच्या काही जागा असाव्यात, असे शास्त्रज्ञांना वाटते. कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो, त्याचे पुढचे टोक ही त्यांतली एक. या टोकाची झीज झालेल्या काही रुग्णांना वस्तू ओळखता येतात, पण आयुष्यभराच्या ओळखीची माणसे परकी होतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील टेम्पल विद्यापीठात इन्ग्रिड ओल्सन यांच्या गटाने नेमका हाच भाग निवडला आणि २०१० साली आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १५ तरुण माणसे. त्यांना प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे आणि प्रसिद्ध स्थळांची छायाचित्रे दाखवायची आणि नाव विचारायचे. कधी उजव्या कानशिलावर प्रवाह, कधी डाव्या, कधी नुसता लुटुपुटीचा. लुटुपुटीचा म्हणजे असल्या प्रयोगांत यंत्र सुरू करतात, त्वचेला चुणचुणले की गुपचूप बंद करतात. खरा प्रवाह आहे की खोटा, हे माणसाला कळत नाही. निष्कर्ष असा निघाला की उजव्या बाजूला प्रवाह दिला असता माणसांची नावे अधिक आठवली; स्थळांच्या नावांत फरक पडला नाही.

ही बातमी जगभर गेली, आणि जावी अशीच होती. स्थळांची नावे तशीच राहिली आणि माणसांची सुधारली, म्हणजे सर्वसाधारण हुशारी येण्याचा हा प्रकार नव्हता. माणसे आठवण्याच्या यंत्रणेलाच कुठेतरी हात लागला होता. मीही तेव्हा ती उत्सुकतेने वाचली होती. पण शास्त्रात बातमीनंतरचे प्रकरण जास्त वाचनीय असते आणि ते सहसा कोणी वाचत नाही.

त्याच गटाने वर्षभराने वयस्कर माणसांवर प्रयोग केला. सुधारणा दिसली, पण माफक. आणि या खेपेला ती डाव्या बाजूच्या प्रवाहाने दिसली. तरुणांत उजवी, म्हाताऱ्यांत डावी. वयाबरोबर मेंदूची कामाची वाटणी बदलते, हे खरे आहे, तेव्हा याचे स्पष्टीकरण देता येते. पण पंधरा-वीस माणसांच्या प्रयोगात बाजू बदलली की मनात शंका येणारच.

पुढे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. आठवताना प्रवाह देण्याऐवजी शिकताना द्यायचा. नवे चेहरे आणि नवी नावे पाठ करताना कपाळाच्या डाव्या वरच्या बाजूला १.५ मिलिअँपिअर. २०१९ साली त्यांनी तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांची तुलना छापली. तरुणांना नावे जास्त लक्षात राहिली. चोवीस तासांनी विचारले तरीही राहिली. वयस्करांमध्ये मात्र खऱ्या प्रवाहात आणि लुटुपुटीच्या प्रवाहात काहीही फरक आढळला नाही.

हे वाक्य मी ताईला फोनवर दोनदा वाचून दाखवले. कारण पट्ट्याच्या जाहिरातीत चेहरा असतो पंचविशीतल्या मुलीचा आणि काळजीने पैसे मोजणारे असतात आपल्या आईवडिलांसाठी घेणारे. प्रयोगातला गुण ज्याला लाभला त्याला तो लागत नव्हता, आणि ज्याला हवा त्याला लाभला नाही.

याहून मोठे प्रश्नही आहेत. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या जॅरेड हॉरव्हाथ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांवर एकेकदाच प्रवाह देऊन झालेले तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले आणि बुद्धीच्या कामांवर भरवशाचा म्हणावा असा परिणाम त्यांना सापडला नाही. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीवर इतर शास्त्रज्ञांनी कडक टीका केली, हेही सांगायला हवे. मग २०१८ साली न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने थेट मृतदेहांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजमाप केले. कातडी, मऊ भाग आणि कवटी यांतच सुमारे तीन चतुर्थांश प्रवाह विरून जातो, असे त्यांना आढळले. कडी सैल करणारा हात मुळातच दुबळा, त्यात तो भिंतीपलीकडून येतो. हे असूनही परिणाम दिसतो कसा, या प्रश्नावर आजही वाद आहे. एकमत नाही एवढेच एकमत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आणि समजा, परिणाम झालाच. तो फुकट मिळतो का? ऑक्सफर्डच्या तेरेसा यूक्युलानो आणि रोई कोहेन कदोश यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंकांसाठी नवीनच चिन्हे लोकांना शिकवताना त्यांनी मेंदूच्या मागच्या वरच्या भागाला प्रवाह दिला. चिन्हे लवकर शिकली गेली. पण शिकलेले आपोआप, विचार न करता वापरता येणे मागे पडले. कपाळामागच्या भागाला प्रवाह दिला तर नेमके उलटे झाले. दोन्ही हातांत लाडू मिळाले नाहीत. माणसांच्या ओळखीच्या बाबतीत हा हिशेब काय निघेल? नाव पटकन आठवेल, पण समोरच्याचा पडलेला चेहरा लक्षात येणार नाही, असे तर होणार नाही? असे होते, असे मी म्हणत नाही. पट्टा विकणाऱ्याने हे तपासलेले नाही, एवढेच म्हणतो.

अर्थात सगळेच चित्र निराशेचे नाही. बॉस्टन विद्यापीठात रॉबर्ट राइनहार्ट यांच्या गटाने २०२२ साली ६५ ते ८८ वर्षे वयाच्या एकूण १५० जणांवर केलेले काम प्रसिद्ध केले. त्यांचा प्रवाह वेगळ्या जातीचा, म्हणजे मेंदूच्या लयीशी जुळवलेला, मागेपुढे होणारा. रोज २० मिनिटे, सलग चार दिवस. शब्दांची यादी लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली आणि ती महिनाभर टिकली. यादीतल्या शब्दांची ही परीक्षा आहे, लग्नात भेटलेल्या माणसांची नव्हे. तरी ज्यांचे वय झाले आहे अशांवर, पुरेशा संख्येने आणि महिन्यानंतर पुन्हा तपासून केलेला हा प्रयोग मला आशादायक वाटतो. असे आणखी दहा व्हावेत, दुसऱ्या शहरांतल्या दुसऱ्या लोकांनी करावेत आणि मग बोलावे.

उपचार म्हणूनही या विजेकडे आशेने पाहिले जाते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये गेली अनेक वर्षे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या भासांवर तिचा अभ्यास चालू आहे. नैराश्यावर तर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आली. २०२३ साली जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत, औषधांच्या जोडीला दिलेला हा प्रवाह लुटुपुटीच्या प्रवाहापेक्षा सरस ठरला नाही. २०२४ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १७४ रुग्णांवर घरच्या घरी दहा आठवडे केलेल्या चाचणीत तो सरस ठरला. या सर्व ठिकाणी रुग्णाची निवड डॉक्टर करतात, इलेक्ट्रोडची जागा ठरवतात आणि काय झाले ते लिहून ठेवतात. कोणाला त्रास झाला तर त्याला विचारणारे माणूस असते.

पट्ट्याच्या बाजारात यातले काही नसते. २०१३ साली व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांसाठी म्हणून असे एक यंत्र २४९ डॉलरला विक्रीला आले आणि हातोहात खपले. तेव्हापासून हा बाजार वाढतोच आहे. विकणारे हुशार असतात. "रोग बरा होतो" असे ते लिहीत नाहीत, कारण तसे लिहिले तर औषधांचे कायदे आडवे येतात. ते लिहितात "एकाग्रता वाढते", "मन ताजेतवाने होते". च्यवनप्राशाच्या बरणीवरची भाषा आणि ही भाषा यांत मला तरी फरक दिसत नाही. बरणी निदान स्वस्त असते. २०१६ साली या विषयातल्या ३९ संशोधकांनी घरच्या घरी प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. इलेक्ट्रोडच्या खाली नसलेल्या भागांवरही परिणाम होतो, माणसागणिक तो वेगळा असतो, एका गुणाच्या वाढीबरोबर दुसऱ्याची घट होऊ शकते आणि बदल दीर्घकाळ टिकणारा असू शकतो, असे त्यांनी बजावले. हे लिहिणारे लोक या विजेचे विरोधक नव्हते. त्यांचे सारे आयुष्यच या संशोधनात चालले आहे.

धोका किती? इथे अतिशयोक्ती करून ताईला घाबरवण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेत नियमाप्रमाणे वापर झालेल्या ३३ हजारांहून अधिक सत्रांचा आढावा २०१६ साली घेतला गेला, तेव्हा एकही गंभीर अपाय नोंदलेला आढळला नाही. खाज, लालसरपणा, डोकेदुखी एवढेच. स्पंज कोरडा पडला तर त्वचा भाजते. म्हणजे नियमाप्रमाणे वापरले तर ही वीज बहुधा निरुपद्रवी आहे. पण निरुपद्रवी म्हणजे उपयोगी नव्हे, आणि रोज, वर्षभर, घरी एकट्याने, मनाला येईल तिथे स्पंज ठेवून वापरलेल्या विजेचा तो आढावा नव्हता. शिवाय पैशाचा आणि मनाचाही एक धोका असतो. वीस मिनिटे पट्टा बांधून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव आठवले नाही, की "विजेनेही माझं काही होत नाही" असे वाटू लागते. ज्या माणसाला डॉक्टरांनी "तुम्हाला आजार नाही" असे सांगितले आहे, त्याला हा पट्टा रोज सकाळी "तुम्ही आजारी आहात" असे सांगतो.

मग ताईने करायचे काय? एक बिनविजेची पद्धत १९७८ पासून कागदावर आहे. लँडॉअर आणि बियॉर्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नावांवरच प्रयोग करून दाखवले, की नाव ऐकल्यावर ते लगेच एकदा स्वतः आठवून पाहायचे, मग थोड्या वेळाने, मग आणखी जास्त वेळाने, असे अंतर वाढवत नेले तर ते टिकते. पुन्हा पुन्हा वाचणे वेगळे आणि स्वतः आठवून पाहणे वेगळे. शाळेत ताई मुलांना हेच सांगायची. पुस्तक मिटा आणि मग म्हणा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सेवा करणाऱ्या माणसांची नावे शिकवायलाही ही रीत वापरली गेली आहे. लग्नाला जाण्याआधी जुना अल्बम काढावा, नातवंडाला जवळ बसवावे आणि "हा कोण, ही कोणाची" हा खेळ खेळावा. आडनाव एकटे सोडू नये. त्याला दुकान, गाव, सायकल असे दोरे बांधावेत.

दुसरी गोष्ट ताईने करायची नाही, आपण करायची. "ओळखलंत का?" हा प्रश्न कृपा करून बंद करा. सत्तरीच्या माणसाला भर मांडवात, चार जणांसमोर, तोंडी परीक्षेला उभे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? नमस्कार करताना सरळ सांगावे, "बाई, मी अमुक, तमक्यांचा मुलगा, दहावी ब." यात लहानपणा येत नाही. माझ्या लहानपणी घरी आलेल्या पाहुण्यासमोर मुलांनी आपले पूर्ण नाव सांगण्याची पद्धत होती. मोठे झाल्यावर आपण ती सोडली आणि आपले नाव दुसऱ्याने लक्षात ठेवावे, असा हट्ट धरून बसलो.

आणि तिसरी गोष्ट संशोधकांना सांगायची आहे. आजवरचे बरेच प्रयोग नटनट्यांचे, नेत्यांचे नाहीतर अगदी अनोळखी लोकांचे चेहरे दाखवून झाले. नटाचे नाव विसरल्याने कोणी लग्नाला जायचे थांबत नाही. ज्यांच्यामुळे माणूस घरात बसतो ती नावे जावयाच्या भावाची, जुन्या शेजारणीच्या सुनेची, दहावी ब-च्या मुलांची असतात. आपल्याकडे तर चुलत, मावस, आत्ते, मामे अशी नात्यांची केवढी वीण आहे! माणसांविषयीची आठवण म्हणजे काय, हे तपासायला याहून चांगले साहित्य कुठे मिळणार? मानसशास्त्राचे विभाग आपल्या विद्यापीठांत आहेत, मेंदूचे डॉक्टर आहेत, वेळ आणि उत्साह असलेले हजारो निवृत्त शिक्षक आहेत. पट्ट्यांवर जाणारे पैसे अशा एखाद्या नीट आखलेल्या चाचणीकडे वळले, तर पाच-सात वर्षांत आपल्याच माणसांबद्दलचे उत्तर आपल्याला मिळेल. ते "उपयोग नाही" असे आले तरी चालेल.

हे सगळे मी ताईला वाचून दाखवले. पट्टा घ्यायचा नाही, हे तिला पटले. मुलाला काय कळवायचे, ते तिने माझ्याकडून लिहून घेतले. अल्बमची कल्पना तिला आवडली नाही, "त्यात निम्मे लोक गेलेत रे," म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "पण तू म्हणतोस तसा प्रयोग कोणी काढला, तर माझं नाव दे. मी बसेन. फक्त त्यांना सांग, मला लुटुपुटीची वीज दिली असेल तर शेवटी खरं सांगायचं. विज्ञानाची बाई आहे मी."